सात गोळ्यांचं विमान

डोमामामा खोटं बोलतो यावर आमच्या गावाचं एकमत होतं, आणि एकमत व्हावं अशा गोष्टी आमच्या गावात फारशा नव्हत्या. माणूस तसा सज्जन, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण विमानाचा विषय निघाला की त्याची जीभ सुटायची. म्हणे, तो ज्या विमानावर कामाला होता त्याला दोन शेपट्या होत्या. म्हणे, त्याला पंखाच नव्हता. इथवर लोक ऐकून घ्यायचे. पण त्या विमानाचं पुढचं अर्धं अंग लाकडाचं होतं असं तो सांगायला लागला की वसरीत बसलेल्या माणसांत खसखस पिकायची, कारण आमचा मुलूख सागवानाचा. लाकडाचं काय होतं आणि काय होत नाही हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि ते विमान रॉकेलवर उडायचं, हे त्यानं सांगितलं की माझा बा मांडी थोपटून म्हणायचा, "रॉकेलवर तं आमचा कंदील बी चालते, डोमाभाऊ. पन तो अजून उडाला नाई."

डोमामामा म्हणजे माझ्या मायचा थोरला भाऊ. हवाई दलात फिटर होता, विमानं उघडायची, पुसायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा बंद करायची हे त्याचं काम. निवृत्त होऊन आला आणि वर्षाच्या आत मामी गेली. मूलबाळ नव्हतं. मायनं त्याची पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली, त्याला हाताला धरलं आणि आमच्या घरी आणून वसरीतल्या उजव्या कोपऱ्यात बसवलं. त्या कोपऱ्याला आम्ही पुढं मामाचा कोपराच म्हणायला लागलो. तो सगळ्या कामांना 'ड्यूटी' म्हणायचा. आंघोळ ड्यूटी, जेवण ड्यूटी, कोंबड्या झाकणं ड्यूटी. माय भात वाढायला उशीर करायची तेव्हा तो ओरडत नसे, फक्त विचारायचा, "गिरजे, तुई ड्यूटी सुरू झाली नाई का वं?" आणि माय पदरात तोंड लपवून हसायची. घरात मायला हसवणारा तो एकटाच होता. बा सगळ्या गावाला हसवायचा, पण मायवर त्याचं काही चालत नसे.

आम्ही ढिवर. गाव तलावाच्या पाळीखाली, तलाव मोठा, त्यातली मासोळी हीच आमची शेतीवाडी. भात असायचा, पण थोडा. घराच्या कुडाला सगळीकडे जाळी टांगलेली, त्यांचा तो ओला, किंचित कुजट वास. आज चंद्रपूरच्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बसून, खिडकीतून घुग्घुसच्या खाणींकडची धूळ येते म्हणून खिडकी लावून घेताना, तो वास आठवला की मला भूक लागते. कारण त्या वासामागून लगेच मायच्या चुलीचा वास यायचा, जवसाचं वाटण घातलेला मरळीचा रस्सा, नाहीतर तव्यावर भाजलेले सुके झिंगे. मुलीनं जाळं विणायचंच, त्यात विचारायचं काही नव्हतं. बांबूची सुई हातात आली तेव्हा मी सहा वर्षांची असेन. तेराव्या वर्षी मी न बघता विणायची, आणि जाळ्याचं माझं एक एक घर असं सारखं पडायचं की बा पाहुण्यांना ओढून दाखवायचा. ही माझी बढाई नाही. म्हणजे आहे, पण पुढच्या गोष्टीसाठी ती लागते.

मामा आला तेव्हाच त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी पिकल्याशिवाय हात लावायचा नाही असं सांगितलेलं. त्या काळी तसंच असायचं. आंबा पिकायची वाट बघावी तशी माणसं डोळ्याची वाट बघत बसायची. मामाला माणसाची आकृती दिसायची, तोंड दिसत नसे. जवळच्या वस्तू तो बोटांनी ओळखायचा. त्यामुळे दिवसभर तो कोपऱ्यात बसून बोलायचा, आणि बोलायचं म्हणजे विमान. बा तलावावरून आला की त्याच्यासमोर जाळं सोडवत बसायचा आणि मुद्दाम खोड काढायचा. साळ्याची थट्टा करायचा हक्कच असतो, आणि बा आपला एकही हक्क सोडणारा नव्हता. "डोमाभाऊ, शेपट्या दोन होत्या का तीन? काल तुमी तीन म्हनलं." मामा लगेच पेटायचा. "दोन. दोनच होत्या भाऊजी. तीन चाकं होते. दोन पाठी अन् एक नाकाखाली. शेपट्या दोन." मग तासभर चालायचं. माय चुलीपासून म्हणायची, "कावून चिडवता जी त्याले?" पण ती चिडवणी थांबू नये असंच आम्हा सगळ्यांना वाटायचं.

आणि मग पोस्टमन एक खोकं घेऊन आला.

मामाबरोबर काम केलेला एक मद्रासकडचा मित्र होता. त्याचा मुलगा कुठंतरी परदेशात शिकायला गेला होता आणि तिथून त्यानं बापाला आणि बापाच्या मित्राला एकेक खोकं पाठवलं होतं. वरचा कागद मी फाडला, आणि आतल्या पुठ्ठ्याच्या झाकणावर विमानाचं चित्र निघालं. मी ते चित्र बाच्या मांडीवर ठेवलं. दोन शेपट्या. मधे एक गुबगुबीत अंग, त्याला दोन्हीकडं पंख, आणि पंखांतून मागं निघालेले दोन लांब दांडे, शेवटी एका आडव्या पट्टीनं जोडलेले. पंखा नव्हता. बानं ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "चित्र काय, चित्रात तं मी मारुतीबी उडताना पाह्यला."

मामानं खोक्यात हात घातला. आत करड्या प्लास्टिकच्या काड्यांना चिकटलेले बारीक बारीक सुटे भाग होते, फांदीला चारोळीची फळं लागावीत तसे. त्यानं एक भाग चाचपला, बोट फिरवलं, थांबला, पुन्हा फिरवलं. "हा डाव्या पंखाचा खालचा भाग होय," तो म्हणाला. "इथी चाक आत जाते." मी झाकणावरच्या चित्राशी ताडून पाहिलं. खरंच डावा होता, खालचा होता. त्याच्या बुबुळावर पांढरा पडदा होता आणि त्यातून पाणी वाहत होतं, आणि तो हसत होता. मी तेव्हापर्यंत त्याची चारही वाक्यं खोटी धरून चालले होते, गावासारखीच. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेपोटीच मी म्हटलं, "मामा, मी बनवून देतो तुले."

बानं तिथंच पैज लावली. विमान असं तुकड्यातुकड्यांनी जुळलं, आमच्या वसरीत स्वतःच्या तीन चाकांवर उभं राहिलं, तर मंडईच्या दिवशी तो मामाला खांद्यावर बसवून अख्खी मंडई फिरवणार. आणि नाही उभं राहिलं तर? "तं विमानाचं नाव नाई काढाचं. ना घरात, ना चौकात. कोनी पुसलं तं सांगाचं, मी बोदलेवाल्याकडे ड्यूटीले होतो." बोदले म्हणजे म्हशी. मामानं लगेच हात पुढं केला. मायनं हातातलं उलथनं आपटलं. मला त्या वेळी पैजेत गंमतच वाटली. मंडई महिन्यावर आली होती. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, लेकीबाळी, सोयरेधायरे सगळे येतात, दुकानं लागतात, नाटक असतं. सगळा मुलूख एका दिवसासाठी आपल्या गावात येतो. त्या दिवशी कोण खांद्यावर होतं, ही गोष्ट पुढं वीस वर्षं सांगितली जाते.

खोक्यातली चिकटवायची नळी वाळून खडा झाली होती. मामा म्हणाला, थिनर पाहिजे. थिनर आणायला चंद्रपूर गाठावं लागलं असतं, पण मंडईच्या नाटकाचे पडदे रंगवायला किसन पेंटर शाळेच्या खोलीत येऊन राहिला होता, जमिनीवर राजवाडा पसरून त्याच्या खांबांवर चालत चालत तो रंग मारायचा. मी त्याच्याकडं गेले. त्यानं औषधाच्या बाटलीत थिनर दिला, एक बारीक ब्रश दिला आणि विचारलं, "कायले पायजे वं पोरी?" मी म्हटलं, मामाच्या विमानाला. तो म्हणाला, "दोन शेपट्यावाल्या?" म्हणजे ही कीर्ती बाहेरगावच्या माणसांपर्यंतही गेली होती.

थिनरनं प्लास्टिक चिकटत नाही, विरघळतं, आणि विरघळलेली दोन तोंडं दाबून धरली की एकजीव होतात. हे मामाला ठाऊक होतं, मला व्हायचं होतं. पहिल्याच दिवशी मी उजव्या पंखाला थिनर जास्त लावला आणि वर अंगठा ठेवून दाबलं. अंगठा उचलला तर त्याच्या सगळ्या रेषा पंखावर उमटलेल्या. मी रडकुंडीला आले. मामानं त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "राहू दे. साहेब लोक सही करतात, तूनं अंगठा केला." तो ठसा अजून आहे. मध्यंतरी माझ्या नातीनं त्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला, तर तिचा मोठा निघाला.

मग मात्र हात बसला. दुपारी जेवणं झाली की मी पाटावर सगळं मांडायची, मामा शेजारी. मी भाग काडीवरून कापून त्याच्या तळहातावर ठेवायची, तो चाचपून सांगायचा हा कुठला, मग मी कागदावरच्या चित्रात तो शोधायची. कागदावरचं लिहिलेलं सगळं इंग्रजी होतं. आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं आणि मास्तरांनाही ते पाचवीपर्यंतच येत असावं. पण चित्रं होती, बाण होते. जाळं विणणाऱ्या पोरीला बाण पुरतात. बोटांना काम सापडलं की डोकं किती शांत होतं हे मी त्या दुपारी शिकले. पुढं तीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं, वांड पोरांच्या हातात कात्री आणि कागद दिले, ते उगीच नाही.

एका चित्रानं मात्र मला अडवलं. विमानाच्या अंगाचे दोन अर्धे चिकटवण्याआधी नाकात काहीतरी घालायचं होतं. एक गोल, त्याच्यापासून नाकात गेलेला बाण, आणि बाजूला इंग्रजीत चार शब्द. पण तसा गोल भाग काड्यांवर कुठंच नव्हता. मी खोकं झटकलं, जमीन हातानं झाडली. मामा त्या वेळी झोपला होता. मी विचार केला. तलावात जे वर राहावं असं वाटतं त्याला आम्ही काय बांधतो? भेंड. पांढरं, हलकं, बोटात धरलं तरी जाणवत नाही असं पाणवनस्पतीचं लाकूड. जाळ्याच्या वरच्या दोरीला त्याचे गोल तुकडे ओवतात म्हणून जाळं तरंगतं. विमानालाही वरच राहायचं असतं. मी बाच्या टोपलीतून भेंडाचा तुकडा घेतला, विळीवर गोल कापला, नाकात दाबून भरला आणि दोन्ही अर्धे चिकटवून टाकले. आपल्याला हे सुचलं याचा मला इतका आनंद झाला की मी मामा उठल्यावरही सांगायचं विसरले.

रंगाचे दिवस सगळ्यांत सुखाचे गेले. किसन पेंटरनं राजाच्या मुकुटाला आणि तलवारींना लावायची चांदी बाटलीच्या झाकणात दिली. त्या वर्षीच्या नाटकात राजाचा मुकुट मागून पुठ्ठ्याचाच राहिला, त्याचं कारण आमच्या घरात होतं. मी पातळ हात मारायची, वाळवायची, पुन्हा मारायची. माय कामं टाकून बघायला यायची. तिला विमानाशी काही देणंघेणं नव्हतं, पण चांदी तिला आवडायची. एकदा ती हळूच म्हणाली, "थोडी उरन तं माया पेटीच्या कडीले लाव." मी लावली.

खोक्यात पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं होती, पण ती दुसऱ्या देशाची, निळी-लाल. मामानं ती नको म्हटली. "आपली केशरी. बाहेर केशरी, मंदी पांढरा, मंदातल्या मंदी हिरवा." एवढी बारीक वर्तुळं ब्रशनं कशी काढायची? माय म्हणाली, एरंडाचे देठ आण. पानाचा देठ रंगात बुडवून टेकवला की गोल उमटतो. जाड देठानं केशरी, वाळल्यावर मधल्यानं पांढरा, आणि अगदी शेंड्याच्या कोवळ्या देठानं हिरवा ठिपका. आधी मायच्या चांदी लावलेल्या पेटीवर सराव केला, म्हणून त्या पेटीवरही विमानाची चार चिन्हं होती आणि ती तिनं शेवटपर्यंत पुसू दिली नाहीत.

मंडई तीन दिवसांवर असताना विमान पुरं झालं. वीतभर रुंद, चांदीसारखं लखलखीत. मायनं वसरी शेणानं सारवली होती. बा, शेजारचे चारदोन जण, पोरं, सगळे गोळा झाले. मामानं कडक इस्त्रीचा म्हणावा असा सदरा घातला होता, उशीखाली घडी करून ठेवलेला. मी विमान जमिनीवर ठेवलं आणि हात काढला. ते क्षणभर उभं राहिलं. मग त्याचं नाक हळूहळू वर गेलं आणि दोन्ही शेपट्या टेकून ते बसलं. मी पुन्हा ठेवलं, पुन्हा बसलं. थोडं पुढं सरकवलं, तरी बसलं. नाकाखालचं चाक हवेत.

कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच. बा तर खांबाला धरून हसत होता. "डोमाभाऊ, तुमचं इमान तं कुत्र्यासारखं बसते. भाकर मांगून राह्यलं." मामानं विचारलं, "काय झालं वं वच्छे?" मला सांगावं लागलं. त्यानं हात पुढं करून विमान चाचपलं, टेकलेल्या शेपट्या, वर गेलेलं नाक. मग हात मागं घेतला. "हारलो भाऊजी," तो म्हणाला, आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन बसला.

त्या संध्याकाळी तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बा तलावावरून आला, समोर बसला, जाळं पसरलं आणि म्हणाला, "काय डोमाभाऊ, शेपट्या किती?" मामा म्हणाला, "पैज होये भाऊजी. नाव नाई काढाचं." अगदी साध्या आवाजात म्हणाला. बानं हवेचा विषय काढला, धानाचा काढला. मामा हो-नाही म्हणायचा. जेवताना मायनं मुद्दाम भात उशिरा वाढला, तरी ड्यूटीचं नाव नाही. बा पानावरून लवकर उठला. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की आमचं घर त्या विमानाच्या बडबडीवर उभं होतं, आणि बाला ती आमच्या सगळ्यांहून जास्त लागायची.

दुपारी मी मामाजवळ गेले. तो म्हणाला, "वच्छे, मीच चुकलो असन का वं? चाकं तीनच होते ना? का मीच मनानं लावले? इतक्या वर्षाचं आहे. डोळ्यासमोर आनतो तं तेबी आता आकृतीच दिसते." गावानं खोटं ठरवलं तरी तो चिडायचा, हसायचा. पण आता तो स्वतःलाच खोटं ठरवत होता, आणि ते माझ्या हातानं झालं होतं. मी विहिरीमागं जाऊन पोटभर रडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे मंडईच्या आदल्या दिवशी, मी उठून बाहेर आले तर बा वसरीच्या पायरीवर बसलेला. अंग अजून तलावाचं ओलं, फेकजाळं खांद्यावर तसंच, आणि हातात विमान. त्यानं ते उजव्या हाताच्या बोटावर आडवं ठेवलं होतं आणि डोंग्यात भार कुठं बसला ते बघावं तसं बघत होता. नाक वर जात होतं, शेपटी खाली. "वच्छे," तो म्हणाला, "याच्या नाकात काय हाये?"

"भेंड," मी म्हटलं.

"काय?"

"भेंड घातलं बा. कागदात गोल दाखवला होता. तरंगाले पायजे ना."

बा माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता हसेल आणि मंडईभर सांगेल. तो हसला नाही. "जाळ्याच्या वरच्या दोरीले काय राहते?" त्यानं विचारलं. भेंड, मी म्हटलं. "अन् खालच्या?" शिशाच्या गोळ्या. "मंग तूनं खालचं सोडून वरचं कावून बांधलं? याचं बूड भारी, तोंड हलकं. याले तोंडात शिसं पायजे, बाई."

मामा कोपऱ्यात उठून बसला होता. पैज विसरून तो म्हणाला, "बंदुका." आम्ही दोघं वळलो. "बंदुका होत्या भाऊजी, नाकाच्या खाली. चार. त्या काढून दुरुस्तीले नेल्या की आमी नाकात वाळूच्या थैल्या ठेवत होतो. नाईतर बुडावर बसे ते. असंच बसे. अगदी असंच." त्याला आपलं विमान परत मिळालं होतं, शेपट्या टेकून बसलेलं.

बानं कमरेची सुरी काढली आणि खांद्यावरच्या फेकजाळ्याच्या कडेची दोरी कापली. हे वाचणाऱ्याला कदाचित कळणार नाही, म्हणून सांगते: ते त्याचं सगळ्यांत चांगलं जाळं होतं, मीच विणलेलं, आणि दुसऱ्या दिवशी घरात पंचवीस पाहुणे मासोळीला बसणार होते. कडेच्या गोळ्या गेल्या की जाळं तिथं तळाला टेकत नाही आणि मासोळी खालून निघून जाते. माय दारात उभी होती. तिनं ते पाहिलं आणि फक्त म्हणाली, "पाहुन्यायले उद्या इमान वाढाचं आहे का?" बा म्हणाला, "वाढ." आणि एक गोळी दातात धरून चपटी केली.

मी नाकाखालचं चाक उपटलं, सुई तापवून भोक मोठं केलं आणि भेंडाचे कण कण टोकरून काढले. मग बानं विमानाची मागची दोन चाकं आपल्या आडव्या बोटावर टेकवली आणि मी चपटी गोळी आत सरकवली. दोन, तीन. नाक हललं नाही. मामा मोजत होता. चार. पाच. प्रत्येक गोळीला बा जाळ्याकडं एक नजर टाकायचा आणि पुढची कापायचा. सहावीला नाक थरथरलं. सातवी घातली आणि विमानानं शांतपणे मान खाली घातली. बाच्या मिश्या हलल्या. त्याला पैज हरायचा इतका आनंद झालेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. मी मधाच्या पोळ्याचं मेण दाबून भोक बुजवलं, थिनरनं चाक बसवलं आणि दुपारपर्यंत कुणालाही, कोंबडीलाही, वसरीत पाऊल टाकू दिलं नाही. दुपारी मामानं स्वतःच्या हातानं ते जमिनीवर ठेवलं. तीन चाकांवर उभं राहिलं. त्यानं जमिनीपासून बोटं वर नेत एकेक चाक शोधलं, आणि म्हणाला, "गिरजे, भूक लागली. ड्यूटी कर."

मंडईच्या दिवशी बानं त्याला खांद्यावर घेतलं. बा काटक पण बुटका, मामा हाडापेरानं मोठा, त्यामुळे ते दृश्य फार काही शोभेचं नव्हतं. मामाचे पाय बाच्या ढोपरापर्यंत लोंबत होते. एका हातानं त्यानं बाचं मुंडासं धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं विमान उंच. मी पुढं रस्ता करत चालले. जिलेबीच्या दुकानावरून, बांगड्यांवरून, पाळण्यावरून. ऊन विमानावर पडायचं तेव्हा लोक डोळ्यांवर हात धरायचे. मामाला कुणाची तोंडं दिसत नव्हती, पण आवाज येत होते, आणि तो प्रत्येक आवाजाकडं वळून विमान दाखवत होता.

चौकात एका पाहुण्यानं विचारलंच. "याले पंखा कुठी हाये जी?"

मामा तोंड उघडणार, तोच खालून, घामानं भिजलेल्या बाचा आवाज आला. "पंखा नसते त्याले. जेट होय ते. रॉकेलवर चालते." पाहुणा हसायला लागला. बा थांबला. मामाला खांद्यावर सावरून घेत, अगदी रागानं त्यानं सांगितलं, "हसून काय राह्यला? पुढचं अंग लाकडाचं राहते त्याचं. तुले माहीत नसन तं पुसून घे. मानूस वर बसला हाये."

ते अख्ख्या मंडईनं ऐकलं. त्यानंतर आमच्या गावात त्या चार गोष्टी कुणी खोट्या म्हटल्या नाहीत, कारण त्या आता बाच्या झाल्या होत्या, आणि बाशी वाद घालण्याची हौस कुणाला नव्हती. पुढच्या वर्षी मामाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर, जाड भिंगाचा चश्मा लावून, त्यानं आधी मायचं तोंड पाहिलं, मग माझं, आणि मग विमान मागितलं. बराच वेळ बघून म्हणाला, "चांदी जरा जास्त झाली." बस, एवढंच. शिकून इंग्रजी वाचता यायला लागल्यावर मी तो कागद पुन्हा काढला. गोलाच्या बाजूचे चार शब्द एवढंच सांगत होते की नाकात वजन घाला.

बानं त्या फेकजाळ्याला त्या सात गोळ्या पुन्हा कधी लावल्या नाहीत. शिसं घरात होतं, माझे हात रिकामे होते, मी दोनदा जाळं घेऊन बसलेही, पण तो काढून घ्यायचा. जाळं ओढताना त्या जागेतून एखादी रोहू निसटली की माय कपाळाला हात लावायची आणि तो म्हणायचा, "गोळ्या ड्यूटीवर हायेत." मामा गेला, बा गेला, माय गेली. विमान माझ्याकडं आलं, कपाटात काचेमागं, तीन चाकांवर उभं. जाळं भावाच्या घरी कुडाला होतं. यंदा मंडईला गेले तर भावाच्या मुलानं ते हौसेनं काढलं, तलावात फेकलं, आणि चांगली दोन हात लांब मासोळी त्याच्या डोळ्यांदेखत खालून निघून गेली. तो कड चाचपत पाळीवर आला. "आत्या, इथी गोळ्या कावून नाईत वं? लावून देतेस का?"

मी म्हटलं, "नाही रे. त्या ड्यूटीवर आहेत."